खटक्याचा रंग

“गेनबा, तुझ्या कुदळीला पाणीच न्हाई,” पोपट शिंगाडे दारातूनच म्हणाला आणि शेगडीचा पंखा फिरवणारा माझा हात जागच्या जागी थांबला.

गवळ्याला ‘तुझ्या दुधात पाणी आहे’ म्हणावं आणि लोहाराला ‘तुझ्या लोखंडाला पाणी नाही’ म्हणावं, दोन्ही सारखंच. तापून लाल झालेलं हत्यार पाण्यात बुडवून कडक करायचं, याला आमच्यात पाणी देणं म्हणतात. असं पाणी देणारा हात पंचक्रोशीत एखाद्यालाच असतो, आणि आमच्याकडे तो माझ्या सासऱ्यांना होता. गेनबा पांचाळ. मी त्यांना आबा म्हणायची.

आबांनी नुकताच एका खटक्याला पाणी दिलं होतं. सांडशीतला तो खटका त्यांनी राखेवर ठेवला, सांडस बाजूला टेकवली आणि ते सावकाश उठले. आबा सावकाश उठले की समजायचं, आता खरं नाही.

“काय म्हनलास?”

“वाकली कुदळ. हे बघ. दोन दिसात मान टाकली.”

“मुरमात घातली का खडकात?”

“कुठं का घालंना. कुदळ हाय का चमचा?”

पुढचा पाव तास मी पंख्यामागे अंग चोरून बसले. पोपट काही मागे हटेना. आबांचा आवाज चढत गेला, मानेच्या शिरा टरारल्या, आणि शेवटी त्यांनी ती कुदळ दांड्यासकट उचलून रस्त्यावर भिरकावली. समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं दळण सोडून दारात आली. कोणी मध्ये पडलं नाही. आबांच्या रागात मध्ये पडायचं नाही, हे गावाला तोंडपाठ होतं.

त्या घरात ‘ताव’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचा. ताव बसला का, ताव गेला, परत एक ताव दे. हे झालं लोखंडाचं. गावातले लोक तोच शब्द आबांसाठी वापरायचे. गेनबा तावात आहे का, हे रस्त्यावरूनच हळू आवाजात विचारून मग आत पाऊल टाकायचे. कोणी जमदग्नी म्हणे, कोणी नुसतं बोट नाकाच्या शेंड्याला लावून दाखवी. बातम्या नीट लागेनात म्हणून त्यांनी एकदा रेडिओ ऐरणीवर ठेवून घणाने फोडला होता. मला त्यांनी कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. पण ते ओरडले की माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. लग्न होऊन आठ महिने झाले होते. माझे मालक, प्रल्हाद, भोसरीला कंपनीत होते, शनिवारी यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. उरलेले सहा दिवस घरात मी, आबा आणि ती शेगडी. मालकांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “आबा तापले की तू तोंड उघडायचं नाही. आपोआप निवतात.” मी ते काटेकोर पाळत होते.

त्या सकाळी दुकानाच्या उंबऱ्यापाशी आणखी एक बाई बसली होती, दुर्गव्वा. ती आणि तिचा नवरा यल्लाप्पा विहिरी खोदायची कामं घेत. तेव्हा त्यांचं काम गावापासून कोसभर माळावर चाललं होतं. राखेवरचा खटका तिच्याच यारीचा होता.

यारी म्हणजे विहिरीच्या तोंडाशी उभा केलेला लोखंडी सांगाडा. इंजिनावर ढोल फिरतो, ढोलावर तारेचा दोर गुंडाळला जातो आणि दोराच्या टोकाला लोखंडी पाटी असते. त्या पाटीतून दगडमाती वर येते, माणसंही तिच्यातच बसून उतरतात आणि चढतात. ढोल उलटा फिरू नये म्हणून त्याच्या बाजूच्या दातेरी चाकावर लोखंडाची एक जीभ खट खट पडत राहते. तो खटका. इंजिन मध्येच बंद पडलं तरी तो दातात अडकून पाटी धरून ठेवतो. दुर्गव्वाचा जुना खटका झिजून दातावरून सटकायला लागला होता, म्हणून आबांनी नवा घडवला होता.

आता खटक्याला नुसतं पाणी देऊन भागत नाही. नुसतं पाणी दिलेलं लोखंड काचेसारखं होतं. कडक खरं, पण हिसका बसला की तुटणार. म्हणून त्याची एक बाजू विटेनं घासून चकचकीत करायची आणि ते परत मंद आचेवर धरायचं. घासलेल्या जागी रंग चढत जातात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. रंग जसा पुढे सरकतो तसं लोखंड थोडं नरमतं, चिवट होतं. खटक्याला जांभळा संपून निळा सुरू व्हायच्या बेतात थांबवायचं आणि तेलात टाकायचं. आबा याला रंग काढणं म्हणत. ते काम चाललं असताना दार अर्धं लोटलेलं असे आणि कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. बोललं की नजर हलते, म्हणायचे.

पोपट शिंगाडे एकदाचा गेला. आबा आत आले. डोळे लाल. तोंडानं अजून पोपटच्या खानदानाचा उद्धार चालू होता. त्यांनी राखेवरचा खटका उचलला, सरळ जळक्या तेलाच्या डब्यात बुडवला, फडक्यानं पुसला आणि दुर्गव्वापुढे टाकला.

“घे. जा.”

मी पंख्याचा दांडा धरून बसले होते. शेगडी माझ्यासमोर होती. वीट माझ्या पायाशी होती, कोरडी. रंग काढला नव्हता. आबा भांडणाच्या भरात मधली पायरी गाळून शेवटच्या पायरीवर गेले होते. मला हे तेव्हाच, त्याच क्षणी दिसलं. आज तीस वर्षांनी मी दुसरं काही सांगितलं तर ते खोटं होईल.

मी तोंड उघडलं. “आबा...”

“काय?” ते एवढ्या जोरात वळले की मी मागे भिंतीला टेकले.

“काही नाही. च्या ठेवू का?”

“ठेव.”

दुर्गव्वानं खटका फडक्यात गुंडाळला. तीही क्षणभर थांबल्यासारखी वाटली, पण मग उठली. जाता जाता मला म्हणाली, “माझं मालक आन् दीर, दोघंबी उतरून खाली काम करत्याती, मी वर दगडं काढती. दीडाला भाकरीला वर घीन त्यान्ला. तवर बसवती हे.” आणि ती डोक्यावर पदर घेऊन निघून गेली.

तेव्हा दहा वाजले असतील. शेजारीच शाळा होती, तिच्या घंटेवर आमच्या घरातली सगळी कामं चालायची. मी चहा केला. आबा प्यायले. मी भाकरी थापायला बसले आणि पहिलीच भाकरी तव्यावर करपवली.

मनाला समजावायचे सगळे प्रकार मी केले. मी पाणी आणायला उठले होते तेवढ्यात त्यांनी रंग काढला असेल. पण मी उठलेच नव्हते. खटका जाड होता, एवढ्यानं काय होतंय. पण आबांनीच मला पहिल्या महिन्यात एक पाणी दिलेला, रंग न काढलेला पटाशीचा तुकडा दिला होता आणि म्हणाले होते, दगडावर टाक. मी टाकला तर त्याचे दोन झाले होते. मग वाटलं, इंजिन कशाला बंद पडतंय. मग वाटलं, दर दाताला खट खट पडतोच की तो, बंद पडायची वाट कशाला बघेल.

साडेअकराच्या सुमारास मी दुकानात गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. आबा विळे कानशीनं धारेला लावत होते आणि काहीतरी गुणगुणत होते. राग गेला की ते असे व्हायचे. लहान मुलासारखे, लोण्यासारखे मऊ. मला बघून म्हणाले, “पोपट्याची कुदळ उचलून आनली म्या रस्त्यावरनं. उद्या नीट करून देतो. वाकली हुती खरं. मान कच्ची राहिली.”

मी म्हणाले, “बरं.”

एवढंच म्हणाले आणि परत आले. आता हे सांगितलं तर तो आवाज परत येणार. परत ते लाल डोळे, या वेळी माझ्यावर. ‘माझ्या कामात खोट काढतीस? आठ महिन्यांची सून तू.’ सकाळी पोपट म्हणाला तेच मी म्हणायचं. मी चुलीपुढे बसून रडले. मला स्वतःची चीड येत होती, आणि तरी उठवत नव्हतं.

एकची घंटा झाली. मुलं जेवायला सुटली. मी आबांना ताट वाढलं. वांग्याची भाजी होती. त्यांनी दोन घास खाल्ले आणि मान डोलावली.

“बेस झालीया भाजी. तुझ्या सासूच्या हातची आठवन झाली.”

आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाचं नाव काढलं होतं. मी भिंतीशी उभी होते.

“आबा, सकाळच्या खटक्याचा रंग काढायचा राहिला.”

त्यांचा घास हातातच थांबला.

“काय?”

“तुम्ही भांडून आलात आणि तसाच तेलात घातला. वीट लावली नाही.”

मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. ताट भिरकावल्याचा आवाज आता येईल, मग दुसरा आवाज, या हिशेबानं मी उभी होते. काहीच आलं नाही. डोळे उघडले तेव्हा आबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. ओठ किंचित हलत होते. सकाळची एकेक गोष्ट ते मनातल्या मनात परत करून बघत होते, हे मला कळलं. मग त्यांचा चेहरा उतरत गेला. मी त्यांना रागावलेलं शंभर वेळा पाहिलं होतं, घाबरलेलं कधी नाही. ते बघून मला जास्त भीती वाटली.

“तुला कवा कळलं?”

“तेव्हाच.”

त्यांनी विचारलं नाही, मग बोलली का नाहीस. हात न धुताच उठले. दुकानातून एक साखळी, पाना आणि हातोडी पोत्यात टाकली, लूना काढली आणि म्हणाले, “बस मागं.”

सासऱ्यामागे लूनावर बसणं ही तेव्हा आमच्याकडे न होणारी गोष्ट. मी पदर खोचला आणि पोतं मांडीवर घेऊन बसले. रस्ता कसला, बैलगाडीची चाकोरी. वाटेत शिंगाडेच्या वस्तीवरचं कुत्रं मागे लागलं. आबा एकदा म्हणाले, “इंजिनाचा आवाज येतो का बघ.” मी कान देऊन ऐकलं. लूनाच्या फटफटाटात काहीच कळत नव्हतं.

विहिरीपासून वीस-पंचवीस पावलांवर त्यांनी लूना बंद केली, आणि मग कळलं, इंजिन बंद होतं. माळावर एवढी शांतता होती की होल्याचं घुमणं ऐकू येत होतं. दुर्गव्वा यारीपाशी उभी होती, एक पाय ब्रेकच्या पट्टीवर, दोन्ही हातांनी सांगाडा धरलेला. तारेचा दोर ताठ होऊन विहिरीत गेलेला होता.

म्हणजे पाटी मध्येच होती. आणि पाटीत माणसं होती.

माझी भीती तेव्हा वेगळीच होती, ती सांगते. आबा आता ओरडणार, याची मला भीती वाटली. सवयच ती त्यांची. आणि त्यांच्या ओरडण्यानं दचकत नाही असं माणूस आमच्या गावात नव्हतं. दुर्गव्वा दचकली आणि तिचा पाय पट्टीवरून सरकला, तर सगळा भार त्या एका खटक्यावर येणार होता. मी त्यांचा सदरा मागून धरला. मी त्यांना शिवलेलं ते पहिल्यांदाच.

आबांनी माझा हात हळूच सोडवला आणि चालत पुढे गेले, इतके सावकाश की पायाखाली खडा वाजला नाही.

“दुर्गव्वा,” ते म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आजारी लेकराशी बोलावं तसा होता. “पाय हालवू नको, बाई. काय झालंय?”

“इंजिन हवा घेतलं. मधीच बंद पडलं.” तिचा चेहरा घामानं निथळत होता. “खटक्यावर बसली पाटी. खट दिशी वाजलं लई मोठ्यानं. म्हनून म्या पाय काढला न्हाई.”

“बेस केलंस. आसंच ऱ्हा.”

ते वाकून खटक्याजवळ गेले. मीही बघितलं. तेलानं काळ्या झालेल्या त्या लोखंडावर, भोकापासून कडेपर्यंत, केसाएवढी एक बारीक रेघ गेली होती. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि माझ्याकडून पोतं मागून घेतलं.

खालून आवाज आला, “दुर्गे, काय करायलीस गं? बसून पाय मेलं की.” तो यल्लाप्पा होता. त्याच्याबरोबर पाटीत त्याचा धाकटा भाऊ हनमंता होता. मी कडेवरून डोकावले. दोन मुंडाशी, खूप खाली, आणि त्यांच्याही खाली तेवढीच खोल विहीर, तळाला फोडलेल्या दगडांचा ढीग.

“मी हाय, गेनबा,” आबा त्याच हळू आवाजात म्हणाले. “उगं बसा दोघं. तंबाकू हाय का? मळा तवर. पाटीत हालू नगा फकस्त.”

“तुमी कशाला आलासा, आबा?”

“हिकडनं चाललो हुतो.”

मग त्यांनी साखळी घेतली. ढोलाच्या आऱ्यांतून ओवली, सांगाड्याच्या पायाला दोन वेढे दिले, आणि कड्या एकेक करून ताणत नेल्या. एक कडी वाजू दिली नाही. शेवटची कडी अडकवली तेव्हा त्यांच्या कपाळावरचं पाणी साखळीवर टपकलं. भार साखळीवर आल्यावर त्यांनी पान्यानं नवा खटका सोडवला. जुना, झिजलेला खटका इंजिनाखालच्या पोत्यात पडला होता, तो जागेवर चढवला.

“ह्यो सटकतो म्हनूनच नवा करून घेतला हुता, आबा,” दुर्गव्वा म्हणाली.

“सटकंल, पर तुटायचा न्हाई. म्या दाबून धरतो. तू इंजिन लाव. पाटी उचलायला लागली की साखळी सोडतो.”

“मग बिरेकवर कोन?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

ती पट्टी अजून गरम होती, तिच्या तळव्यानं. मी दोन्ही पाय तिच्यावर ठेवले आणि सांगाड्याचा गज मिठीत धरला. मला देवाचं नाव आठवेना. मी मोठ्यानं अंक म्हणायला लागले, एक, दोन, तीन, शाळेत म्हणत तसे. दुर्गव्वानं डिझेलच्या नळीची चावी सोडून हवा काढली, हँडल मारलं. इंजिन एकदा फुरफुरलं आणि थंडावलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा लागलं.

“मालन,” आबा म्हणाले, “मी म्हनलो की पाय ढिला कर. पूर्न काढू नको.”

पट्टा ताणला गेला, ढोल दोन बोटं सुलट फिरला. आबांनी साखळी सोडवली. “आता,” ते म्हणाले. मी पाय ढिला केला. ढोल फिरायला लागला आणि आबांनी तो जुना खटका तळहातानं चाकावर दाबून धरला. प्रत्येक दात खाली येई, त्यांचा हात वर उचलला जाई, परत ते दाबत. खट. खट. चौथ्या-पाचव्या दाताला त्यांच्या हातातून रक्त यायला लागलं. ते दातेरी चाकावर लागून फिरत राहिलं. त्यांनी हात बदलला नाही. मी अंक म्हणत होते. ऐंशीपर्यंत गेले, परत एकपासून सुरू केलं, परत ऐंशीच्या पुढे. मग यल्लाप्पाचं मुंडासं कडेच्या वर आलं.

दोघं उतरले. हनमंता खरंच तंबाखू मळत होता. त्यानं ती तोंडात टाकली आणि विचारलं, “यवढं काय झालं वो? इंजिन तर रोजच बंद पडतंय.”

आबांनी नवा खटका एका धोंड्यावर ठेवला, डाव्या हातात हातोडी घेतली आणि खिळा ठोकावा तेवढ्याच जोरानं एक टोला दिला. खटक्याचे दोन तुकडे झाले. एक उडून यल्लाप्पाच्या पायाशी पडला. त्यानं तो उचलला, मोडलेली बाजू बघितली. आतून राखाडी, रव्यासारखी दाणेदार. चाळीस वर्षं पहार धरलेला माणूस तो, त्याला लोखंड सांगावं लागत नव्हतं. तो तसाच खाली मातीत बसला.

“रंग काढला न्हवता,” आबा म्हणाले. “पोपट्याशी भांडून आलो आन् तसाच दिला. चूक माझी हाय. हिनं सांगितलं म्हनून कळलं.”

हनमंता विहिरीच्या कडेपासून चार पावलं मागे सरकला. दुर्गव्वानं इंजिन बंद केलं, नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आबांकडे न बघता म्हणाली, “मला बी ठावं हुतं.”

“काय ठावं हुतं?”

“दर खेपंला तुमी मला आत बलवून रंग दावता. बघ आला जांभळा, म्हनता. आज दावला न्हाई. माझ्या ध्यानात आलं हुतं. दारातच इचारनार हुते.”

“मग?” यल्लाप्पा एकदम ओरडला. “मग इचारलं का न्हाईस? आमाला टांगलंस की तू त्याच्यावर!”

दुर्गव्वाला रडू फुटलं. “कसं इचारू? आबा तापलेलं हुतं. इचारलं आस्तं तर माझ्या अंगावर आलं आस्तं. म्हनलं, केला आसंल. म्हनलं, त्येन्ला जास्ती कळतं.”

ती पदरानं तोंड झाकून रडत होती. मी ब्रेकच्या पट्टीवर अजून तशीच उभी होते, पाय काढायचं मला सुचलंच नव्हतं. सकाळपासून मला वाटत होतं, ही भित्री मी एकटीच. इथे ही बाई होती, सुरुंगाचे धमाके कानावर घेऊन वाढलेली, रोज नवऱ्याला विहिरीत सोडणारी. आणि तिनं माझ्यासारखंच तोंड मिटून घेतलं होतं.

आबांचा उजवा हात रक्तानं माखला होता, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“यवढी भीती वाटती माझी?” त्यांनी तिला विचारलं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं. एवढी वर्षं लोक मान देतात असंच ते समजत आले होते.

दुर्गव्वानं डोळे पुसले. “हिरीची सवय झालीया, आबा. तुमची न्हाई झाली.”

आबा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत जवळजवळ विनवणी होती. सून आहे, घरची आहे, ही तरी नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं. ‘नाही हो आबा’ एवढं म्हणणं किती सोपं होतं. पोराबाळांसमोर, परक्यांसमोर सासऱ्याची लाज राखायची, हेच मला शिकवलेलं होतं.

“मालन, तुला बी?”

मी पट्टीवरून खाली उतरले.

“होय, आबा,” मी म्हणाले. “तुमच्या भीतीनं आज मी ही दोन माणसं मारली असती.”